शाळेचे कपाट आणि खताची गोणी

रोहिणी नक्षत्र लागले म्हणजे शहादा व तळोदा येथील बाजारांतून खताच्या गोण्या सातपुड्याचे घाट चढू लागतात. धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तेथपर्यंत मालमोटार येते. त्यापुढे पाड्यापाड्यांवर जाणारी गोणी कधी जीपच्या टपावर, कधी मोटारसायकलवर आणि शेवटच्या चढणीला बहुधा माणसाच्या डोक्यावर असते. वाटेत वळवाचा पाऊस गाठतो, गोणीवरील अक्षरे पुसट होतात, शिलाई उसवते. एकच गोणी दोघे भाऊ वाटून घेतात आणि निम्मे खत बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत भरून घराच्या कोपऱ्यात ठेवले जाते. मका गुडघ्याएवढा झाला आणि वरखत देण्याची वेळ आली, की त्या पिशवीत नेमके काय आहे हे घरात कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

ह्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. परंतु जेथे लबाडी असते तेथेही शेतकऱ्याची स्थिती हीच असते. समोर पांढरे अथवा काळपट दाणे आहेत, त्यांचे नाव कोणीतरी तोंडी सांगितले आहे, आणि त्या नावावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही. मार्ग आहे, आणि तो गावच्या माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या कपाटातून जातो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नाव चुकले तर हानी किती होते ते प्रथम पाहावे. डाय-अमोनियम फॉस्फेट, ज्याला सर्वजण डीएपी म्हणतात, त्याच्या ५० किलोंच्या गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तेवढ्याच गोणीत स्फुरद ८ किलोंच्या आसपास, आणि नत्र मुळीच नाही. दोन्ही खते दाणेदार व काळपट तपकिरी रंगाची मिळतात. सुपर फॉस्फेट हे वाईट खत नव्हे. त्यात गंधक व कॅल्शियम असल्यामुळे भुईमूग-सोयाबीनसारख्या पिकांना ते चांगले मानवते, आणि किमतीनेही ते स्वस्त आहे. वाईट आहे ते एकाचे नाव सांगून दुसरे विकणे. अशी गोणी घेणारा शेतकरी डीएपीची किंमत मोजून सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढे स्फुरद घरी नेतो आणि नत्राला पूर्णपणे मुकतो. डोंगरउतारावरील उथळ जमिनीत हे लवकर दिसून येते. मका पिवळा पडतो, कणसे बारीक राहतात. दोष मात्र बियाण्याला, पावसाला किंवा नशिबाला दिला जातो, कारण गोणीकडे बोट दाखविण्यास हाती काही पुरावा नसतो.

कायदा ह्या बाबतीत स्वस्थ आहे असे नाही. खतांच्या नियंत्रणाचा पहिला आदेश १९५७ साली निघाला आणि १९८५ च्या आदेशाने त्याला आजचे स्वरूप आले. त्याअन्वये निरीक्षकाने नमुना रीतसर घ्यावा, तो मोहोरबंद करावा, प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि दोष आढळल्यास विक्रेत्यावर वा उत्पादकावर कारवाई व्हावी, अशी व्यवस्था आहे. ती आवश्यक आहे व तिला पर्याय नाही. परंतु नमुना घेणे, पाठविणे व तपासणे ह्या सर्व मुदती काटेकोर पाळल्या तरी अहवाल हाती येईपर्यंत महिना सहज उलटतो, आणि तोवर खत मातीत गेलेले असते. कायदा अपराध्याला शासन करील. चालू हंगाम वाचविणे त्याच्या हाती नाही. पेरणीपूर्वीच्या त्या दोन-चार दिवसांत गावातच काही करता आले, तरच ते शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारे आहे.

आता शाळेकडे वळावे. माध्यमिक वर्गातील मुले सोडियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून खाली बसणारा पांढरा साका पाहतात; मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून दह्यासारखा गोळा होणारा अवक्षेप पाहतात; लिटमसचा कागद लाल-निळा करतात. पुढील इयत्तांत त्यांच्या हाती पांढऱ्या चूर्णाची पुडी देऊन ‘हा पदार्थ ओळखा’ असे सांगण्यात येते. उत्तर जुळले की गुण मिळतात आणि पुडी टाकून दिली जाते. त्याच मुलाच्या घरच्या कोपऱ्यात खरीखुरी अनोळखी पिशवी पडलेली असते. परंतु ह्या दोन पुड्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिक्षणाचा ह्याहून मोठा अपव्यय सापडणे कठीण.

ह्या परीक्षांपैकी सर्वांत सोपी परीक्षा डीएपीची. चिमूटभर दाणे घेऊन त्यांत भिजविलेला चुना मिसळावा व तंबाखूप्रमाणे मळावे. अमोनियाचा उग्र, नाकाला झोंबणारा वास सुटतो. सुपर फॉस्फेटला असा वास येत नाही. तंबाखू मळणाऱ्या माणसाला ही कृती शिकवावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. तथापि ती तळहातावर न करता पत्र्याच्या झाकणात काडीने करावी हे बरे, कारण तोच हात पुढे तोंडाकडे जातो. वासावर विसंबावयाचे नसेल तर हळदीचा कागद वापरावा. टीपकागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावी, किंचित ओली करावी आणि झाकणावर अधांतरी धरावी. अमोनिया निघत असेल तर पिवळी पट्टी तांबूस होते. पट्टी चुन्याला मात्र लागू देऊ नये, कारण चुना स्वतःच हळदीला तांबडी करतो. कुंकू करणाऱ्यांना ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चुन्याच्या परीक्षेने ‘हे डीएपी आहे’ असे सिद्ध होत नाही; ‘ह्यात अमोनियाचा क्षार आहे’ एवढेच सिद्ध होते. अमोनियम सल्फेटलाही तोच वास येतो, १०:२६:२६ सारख्या मिश्रखतालाही येतो. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे अमोनियम सल्फेट मिसळणारा भेसळ करणारा ह्या परीक्षेतून सहज निसटेल. म्हणून एका परीक्षेवर थांबू नये. दुसरी परीक्षा पाण्याची. चमचाभर दाणे ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवावे. डीएपी बहुतांशी विरघळते व पाणी थोडे गढूळ राहते. सुपर फॉस्फेटमधील जिप्सम मात्र विरघळत नाही व तळाशी त्याचा जाड थर बसतो. रंग दिलेली माती किंवा वाळू असेल तर तीही तेथेच उघडी पडते. तिसरी परीक्षा आचेची. लोखंडी पळीत दोन-चार दाणे तापविले असता डीएपीचे दाणे फुगतात, सुपर फॉस्फेटचे फुगत नाहीत. ह्या तिन्ही साक्षी एकाच दिशेच्या असतील तर निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. एखादी उलटी पडली तर शंका धरावी.

बाटल्यांतील द्रावणांची गरज ह्यानंतर लागते. गाळलेल्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पिवळा अवक्षेप आला तर स्फुरद आहे असे समजावे. पांढरा, दह्यासारखा आला तर क्लोराइड. बेरियम क्लोराइडने स्फुरद व सल्फेट ह्या दोहोंचाही पांढरा साका पडतो, आणि येथेच पुष्कळ विद्यार्थी फसतात. वर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडावे. स्फुरदाचा साका विरघळून जातो, सल्फेटचा तसाच राहतो. बाजारी डीएपीतही थोडे सल्फेट असू शकते, म्हणून किंचित गढूळपणा दिसल्याबरोबर विक्रेत्याला दोषी ठरवू नये. खात्रीच्या गोणीतील, अक्षरे व शिलाई शाबूत असलेला एक नमुना बाटलीत भरून ठेवावा आणि प्रत्येक परीक्षा त्याच्या जोडीने करावी. संशयित नमुना पुस्तकाशी ताडून पाहण्यापेक्षा शेजारच्या परीक्षानळीशी ताडून पाहणे कितीतरी भरवशाचे असते.

युरियाबद्दल एक समज फार पसरलेला आहे. पाण्यात टाकल्यावर हाताला गार लागले की युरिया खरा, असे सांगण्यात येते. गार लागते हे खरे. परंतु नवसागरही पाणी गार करतो, म्युरेट ऑफ पोटॅशही करते. गारव्याने एवढेच कळते की समोरचा पदार्थ नुसते खाण्याचे मीठ नाही. त्याहून पळीची परीक्षा चांगली. युरिया तापविला की वितळतो, अमोनियाचा वास देतो आणि आच वाढविली तर जवळजवळ काहीही शिल्लक न ठेवता उडून जातो. मीठ तडतडते व पळीतच राहते. शाळेत ह्यापुढे आणखी एक पायरी चढता येते. मंद आचेवर वितळविलेला युरिया थंड होऊन घट्ट झाल्यावर पाण्यात विरघळवावा, कॉस्टिक सोड्याचे थोडे द्रावण घालावे व वर मोरचुदाच्या अगदी पातळ द्रावणाचा एक थेंब सोडावा. जांभळट रंग आला तर तो युरियाच होय. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, तेव्हा ही कृती शिक्षकांनीच करावी. युरियाच्या बाबतीत घरातील धोकाही ध्यानात घेण्याजोगा आहे. मिठासारखा दिसणारा हा पदार्थ उघड्या भांड्यात राहिला आणि गुरांनी त्याचे पाणी प्यायले, तर जनावर दगावते. त्यामुळे कोपऱ्यातल्या पिशवीचे नाव ठाऊक असणे हा केवळ पिकाचा प्रश्न राहत नाही.

म्युरेट ऑफ पोटॅश व मीठ ह्यांचा भेद मात्र कठीण आहे. दोन्ही क्लोराइडच असल्यामुळे सिल्व्हर नायट्रेट दोघांनाही सारखाच पांढरा साका देते. ज्योतीत मीठ झगझगीत पिवळा रंग दाखविते व पालाश फिकट जांभळा. परंतु हाताच्या घामातील मीठसुद्धा ज्योत पिवळी करण्यास पुरेसे असते, आणि त्या पिवळ्यात जांभळा रंग बुडून जातो. निळी काच जवळ नसेल तर ह्या बाबतीत निर्णय देऊच नये.

झिंक सल्फेटची गोष्ट ह्याच्या उलट आहे. स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट त्याच्यासारखेच दिसते, आणि डोळ्यांना भेद मुळीच कळत नाही. परीक्षा मात्र निःसंदिग्ध आहे. दोघांच्याही द्रावणात कॉस्टिक सोड्याचे पातळ द्रावण थेंबाथेंबाने सोडले की प्रथम पांढरा साका येतो. सोडा आणखी घालत गेल्यास जस्ताचा साका विरघळून पाणी निवळते, मॅग्नेशियमचा जसाच्या तसा राहतो.

ह्या सर्व परीक्षांचा स्वभाव एकच आहे, आणि तो समजून न घेता त्या गावात नेल्या तर लाभापेक्षा गोंधळच अधिक होईल. पदार्थ आहे की नाही हे त्या सांगतात, किती आहे हे सांगत नाहीत. युरियात नत्र ४६ टक्के आहे की ४० टक्के, हे पळीला कळत नाही. १५:१५:१५ आणि १०:२६:२६ ह्यांतील फरक चुन्याला कळत नाही. त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच पाहिजे. शाळेच्या परीक्षेला विचारावयाचा प्रश्न ‘हे काय आहे’ असा मोकळा नसावा; ‘हे जे म्हणून दिले आहे ते आहे काय’ असा बांधलेला असावा. शेतकऱ्याला बहुतेक वेळा हाच प्रश्न पडलेला असतो, आणि त्याचे ‘नाही’ हे उत्तर त्या परीक्षा पुष्कळ खात्रीने देऊ शकतात.

ह्या सूचनेवर आक्षेप घेण्यात येतात. पहिला असा, की अशा तपासणीने गावात तंटे माजतील व प्रामाणिक विक्रेता बदनाम होईल. तपासणीची वाच्यता बाजारात झाली तर तसे होईलही. म्हणून निकाल चव्हाट्यावर सांगू नये. संशय आला तर उरलेली गोणी व पावती जशीच्या तशी ठेवून तालुका कृषि कार्यालयातील निरीक्षकास कळवावे व रीतसर नमुना घेण्याची मागणी करावी. शाळेची परीक्षा न्यायालयात पुरावा ठरत नाही, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे आणि गैरलागू आहे. वैद्याने नाडी पाहून रुग्णाला मोठ्या दवाखान्यात पाठवावे, तसे हे काम आहे. निरीक्षकांची संख्या मोजकी, दुकाने अनेक आणि चांदसैलीसारख्या घाटांत पावसाळ्यात दरड कोसळली की वाट बंद. कोणत्या गोणीचा नमुना आधी घ्यावा हे सांगणारा कोणी गावात असेल, तर निरीक्षकाचाही फेरा वाचतो.

तिसरा आक्षेप मनात असतो, बोलून दाखविला जात नाही: गावच्या माणसाला रसायने हाताळणे जमणार नाही. त्याला उत्तर अन्य खात्यांनी आधीच दिलेले आहे. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात गावातील पाच-पाच महिलांना शिकवून त्यांच्या हाती पाणी तपासण्याची पेटी देण्याची योजना करण्यात आली. थेंब टाकून रंग पाहणे व तो तक्त्याशी जुळविणे हेच त्या पेटीचे काम. मिठात आयोडीन आहे की नाही हे पाहण्यासाठी आशा कार्यकर्त्याही अशीच लहान पेटी वापरतात. पाणी आणि मीठ ह्यांच्या बाबतीत ज्या हातांवर विश्वास टाकला, त्यांच्यावर खताच्या बाबतीत अविश्वास दाखविण्यास कारण नाही. पेटी पावरी बोलीत समजावून दिली पाहिजे, एवढे खरे. छापील मराठी सूचना भिंतीवर चिकटवून शिक्षण होत नाही, आणि हे काम आश्रमशाळेतील मोठी मुले कोणत्याही कार्यकर्त्यापेक्षा चांगले करतील.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. कीटकनाशकांना ह्या परीक्षा लावू नयेत. ज्या पदार्थाबद्दल ‘हे अमुक खत आहे’ असे सांगणारा कोणी आहे, तोच तपासावा. जो कोठून आला हेच कोणाला ठाऊक नाही, तो तापवू नये, हुंगू नये, चाखण्याचे तर नावच काढू नये. शेतकरी ज्याला थिमेट म्हणतात त्या फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. परंतु माळ्यावर पडून राहिलेल्या जुन्या पुड्यांना बंदी वाचता येत नाही, आणि त्याचे दाणे खताच्या दाण्यांसारखे वाटू शकतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. ही औषधे नुसत्या श्वासातून व कातडीतूनही शरीरात जातात, हे त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राला कळून चुकले. बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत १६ जुलै २०१३ रोजी मध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेथे कोणत्याही परीक्षानळीचा उपयोग नव्हता. उपयोग झाला असता तो एवढ्याच नियमाचा, की औषधाच्या रिकाम्या डब्यात दुसरे काही भरू नये, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला स्वयंपाकघरात व गोठ्यात जागा देऊ नये. अशी पुडी वा बाटली सापडल्यास ती उघडूच नये. मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवून कृषि कार्यालयाला कळवावे.

आता व्यवस्थेविषयी. सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. गोण्या मे महिन्याच्या अखेरीस येतात आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे ज्या पंधरवड्यात कपाटाची गरज, त्याच पंधरवड्यात त्याला कुलूप. म्हणून सुट्टी लागण्यापूर्वीच मुख्याध्यापक व कृषि कार्यकर्ता ह्यांनी मिळून पेटी भरावी व ती गावात ठेवावी. लोखंडी पळी, स्पिरिटचा दिवा, सहा परीक्षानळ्या, चुना, हळदीच्या पट्ट्या व खात्रीच्या नमुन्यांच्या बाटल्या एवढ्यावर बरेचसे काम होते. बेरियम क्लोराइड विषारी आहे. ते, सिल्व्हर नायट्रेट, आम्ल व कॉस्टिक सोडा शाळेच्या कुलपातच राहावे आणि शंकेचे नमुने शाळा उघडल्यावर शिक्षकांनी तपासावे. सिल्व्हर नायट्रेट उजेडाने बिघडते, त्याला तपकिरी बाटली हवी. त्याचे डाग बोटांवरून कित्येक दिवस जात नाहीत.

पाण्याकडेही लक्ष द्यावे. विहिरीच्या वा हातपंपाच्या पाण्यात क्लोराइड असतेच, त्यामुळे खत घालण्यापूर्वीच सिल्व्हर नायट्रेटने ते दुधाळ होते आणि परीक्षा फुकट जाते. ऊर्ध्वपातित पाणी धडगावात विकत आणण्याचे कारण नाही. पहिल्या एक-दोन सरींनी हवा व कौले धुऊन गेल्यावर उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ भांड्यात थेट पडलेले पावसाचे पाणी झाकून ठेवावे. ते कामाला पुरते. तरी प्रत्येक वेळी नुसत्या पाण्यात एक थेंब टाकून आधी पाहून घ्यावे.

नमुना गोणीच्या तोंडाशी मूठ घालून घेऊ नये. वरून, मधून व तळातून थोडे थोडे घेऊन मिसळावे. वहीत तारीख, खताचे सांगितलेले नाव, गोणीवरील कंपनी व खेपेचा क्रमांक, पावतीचा क्रमांक, केलेल्या परीक्षा आणि प्रत्येकीत जे दिसले ते लिहावे. ‘नकली’ हा शब्द वहीत लिहू नये. ‘चुन्याने वास नाही, तळाशी जाड थर, दाणे फुगले नाहीत’ असे लिहावे. निरीक्षकाला त्यातून पुढचे कळते. यंत्रावर अंगठा देऊन निघणारी पावती अनेक शेतकरी दुकानातच टाकून येतात. ती पावती ह्या वहीला टाचून ठेवावी, आणि खत घरी दुसऱ्या पिशवीत ओतलेच तर त्या पिशवीला गोणीवरील नावाचा तुकडा कापून दोऱ्याने बांधावा.